बसने गेल्या

माझ्या नणंदेबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर तिच्या विद्यार्थ्यांना गाठा. मी तिच्याबरोबर एका छपराखाली राहते, त्यामुळे माझ्याकडून ती आशा धरू नका. तोंडावर मी त्यांना वन्सं म्हणते, अहो-जाहो करते, आणि इथेही तसंच लिहिणार आहे. त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हे, सवय पडली आहे म्हणून.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वय पन्नाशीच्या पुढे, उंची बेताची, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा. भाऊ त्यांना अजून बेबी म्हणतात. लग्न केलं नाही. मी एकदा माहेरी म्हणाले होते की त्यांना कोणी पसंतच केलं नाही. ते फिरत फिरत त्यांच्या कानावर गेलं. त्या चिडल्या नाहीत. माझ्या मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, हे कोण म्हणालं?" मी म्हटलं, मीच म्हणाले. "तुम्हाला कोणी सांगितलं?" कोणीच नाही. "मग ही बातमी नाही," असं म्हणून आत निघून गेल्या.

हे 'कोण म्हणालं' आमच्या घरात दिवसरात्र चालायचं. समोरच्यांच्या मुलीचं लग्न मोडलं म्हटलं, की कोण म्हणालं? उद्या पाणी येणार नाही म्हटलं, की कोण म्हणालं, कोणत्या ऑफिसातलं, फोनवर की समोर? एकदा हे म्हणाले, "डोकं फार दुखतंय." मी म्हटलं, "थांबा, आधी कोण म्हणालं ते बहिणीला सांगा, मग गोळी देते." वन्सं हसल्या नाहीत. त्यांना विनोद कळत नाही असं नाही, माझा विनोद कळून घ्यायचा नसतो.

आता खोलीचं सांगते, कारण सगळ्या भांडणाचं मूळ ती खोली आहे. आमच्या घराला रस्त्याकडे तोंड करून एकच खोली आहे. तिला मोठी खिडकी आहे आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथे भरपूर उजेड असतो. त्या उजेडात वन्संच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बसतात, कमरेपर्यंत उंच, भिंतीला टेकून, घरमालकासारखे. आणि माझी मशीन बोळात, ट्यूबलाइटखाली. मी शाळेचे गणवेश शिवते. ट्यूबलाइटच्या उजेडात गडद निळा दोरा कोणता आणि काळा कोणता हे कळत नाही. दुकानदार उन्हात नेऊन बघतो आणि परत पाठवतो. मग मी अख्खी शिवण उसवत बसते आणि आतून लाल पेनाची करकर ऐकू येते. वन्सं जुन्या वर्तमानपत्रांतल्या चुका तपासत असतात. छापून झालेल्या, लोकांनी वाचून टाकलेल्या, सामान बांधायला गेलेल्या कागदातल्या चुका.

पूर्वी वन्सं शहरातल्या सगळ्यात मोठ्या दैनिकात होत्या. बातम्या आणायला सुरुवात केली आणि पुढे दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या नीट करायच्या टेबलावर मुख्य झाल्या. तिथले संपादक म्हणजे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत जुळवत वर आलेला माणूस. वन्संना त्यांनीच घडवलं, असं ते म्हणायचे. कोण म्हणालं, असं वन्सं म्हणायच्या. तरी दोघांचं बरं चाललं होतं. मग विद्यापीठाने पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, आमच्या भागातला पहिलाच, आणि वन्संनी चांगली नोकरी सोडून तो विभाग उभा करायला घेतला.

संपादकांना ती चपराक वाटली. आपण शाई खाऊन जे शिकलो ते ही बाई फळ्यावर शिकवणार आणि वर पदवी देणार? त्यांनी अग्रलेख लिहिला, 'पदव्युत्तर पोरखेळ'. उद्या शिंकायलाही पदवी लागेल, असं त्यात होतं. हे मला आवडलं होतं, मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पुढे त्यांनी इतर संपादकांनाही एक केलं आणि ठरवलं, की तिच्या एकाही विद्यार्थ्याला दारात उभं करायचं नाही. कामाला तर नाहीच, शिकाऊ म्हणूनसुद्धा नाही.

विद्यापीठाचे लोकही काही कमी नव्हते. भाषेचे प्राध्यापक वन्संना जिन्यात अडवून विचारायचे, "बातम्यांमध्ये एम. ए.? मग टपाल वाटणाऱ्यांनी काय पाप केलंय?" विभागाला ग्रंथालयाच्या मागच्या दोन खोल्या दिल्या, ज्यात मोडके बाक ठेवायचे. बाक तसेच ठेवून वर विद्यार्थी बसवले. एक संगणक, त्याला फुलाफुलांचं आवरण, कारण दुपारी वीज जायची ती संध्याकाळी यायची. अभ्यासक्रम परदेशातून आला होता, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, सोबत एक गोरा प्राध्यापक. पहिलाच धडा, बर्फवृष्टीची बातमी कशी द्यावी. दुसरा, पत्रकार परिषदेत हात वर करून प्रश्न कसा विचारावा. इथे साहेबाला प्रश्न विचारला की तोच विचारतो, तुझा बाप काय करतो. प्राध्यापक टाळ्या घेऊन परत गेला. वन्संनी ते बाड संगणकाच्या बुडाखाली उंची यावी म्हणून ठेवली आणि नवा अभ्यासक्रम स्वतः लिहिला. कुठे? माझ्या खिडकीत बसून.

वर्गात उजेड नसेल त्या दिवशी विद्यार्थी आमच्या घरी यायचे. चपलांनी दार भरून जायचं. आणि वन्सं त्यांना माझ्यावर सोडायच्या. 'जसंच्या तसं' नावाचा एक तास होता. एकेकाने बोळात यायचं, काकूंशी म्हणजे माझ्याशी चार वाक्यं बोलायची, आत जायचं आणि काकू काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहायचं. मग मला बोलावून ते वाचून दाखवायचे. मी म्हटलेलं असायचं, "या बटणांनी जीव नकोसा केलाय," आणि कागदावर यायचं, 'गृहोद्योग करणाऱ्या महिलांसमोर अनेक समस्या आहेत, असे त्या म्हणाल्या.' मी सांगायचे, हे मी म्हणालेच नाही. ते सांगताना मला फार बरं वाटायचं. त्या घरात माझा शब्द तेवढ्याच वेळी चालायचा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अभ्यासक्रम कायम करायचा की गुंडाळायचा, हे ठरवायला विद्यापीठाने समिती नेमली. अध्यक्ष कुलसचिव, आणि या व्यवसायातले जाणकार म्हणून, कोण असणार, तेच संपादक. वन्संनी जेवताना आम्हाला सांगितलं, "गुंडाळला तर मी राजधानीत जाईन. तिथल्या प्रशिक्षण संस्थेत बोलावलंय. राहायला जागाही देतात."

मी विचारलं, "खिडकीचा पडदा नेणार की ठेवणार?"

स्पष्टच सांगते, मला तो अभ्यासक्रम बंद पडायला हवा होता. मी त्या रात्री बोळात उभं राहून मशीन खिडकीशी कशी लावायची, कात्री कुठल्या खिळ्याला टांगायची, हे सगळं मनात मांडून ठेवलं. मला त्यात काडीचाही संकोच वाटला नाही.

त्याच सुमारास विभागात मृत्युलेखाचा धडा चालू होता. मोठ्या माणसांचे मृत्युलेख वर्तमानपत्रवाले आधीच लिहून ठेवतात म्हणे. वन्संनी विद्यार्थ्यांना सांगितलं, जिवंत माणूस निवडा, त्यालाच जाऊन विचारा आणि त्याच्या मरणाची बातमी लिहा. वर्गात एक अबोल मुलगी होती. कायम कोपऱ्यात बसायची, म्हणून सगळे तिला कोपरा म्हणायचे. तिने निवडल्या आमच्या वन्सं. माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, मॅडमबद्दल एक वाक्य सांगा ना." मी म्हटलं, "नळ उघडा ठेवतात." तिने ते लिहून घेतलं आणि लेखात घातलंसुद्धा. वन्संना तो लेख सगळ्यांत चांगला वाटला. त्यांनी तो विभागाच्या व्हरांड्यातल्या फलकावर लावला, वर मोठी पट्टी, 'सराव'.

दुसऱ्या दिवशी पहाटे वन्सं सगळ्या वर्गाला घेऊन शेजारच्या गावी गेल्या, न्यायालयाचं कामकाज दाखवायला. मुक्काम तिथेच होता. त्याच दिवशी संपादकांचा एक तरुण बातमीदार विभागाबद्दल काहीतरी वाईटसाईट मिळतं का ते बघायला विद्यापीठात गेला. दाराला कुलूप. फलकावर मॅडमच्या निधनाची बातमी. मेलेल्या बाईचे विद्यार्थी तिचा मृत्युलेख इतका नीट लिहून, चार कोपऱ्यांना टाचण्या लावून, कुलूप घालून घरी जातात का, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. पट्टीही त्याने वाचली नाही. पण एक काम केलं. घरी फोन केला.

मी गणवेशाचे पट्टे कापत होते. सकाळपासून वन्संसाठीच फोन वाजत होता आणि प्रत्येक वेळी कात्री खाली ठेवून मलाच उठावं लागत होतं.

"मॅडमचं घर ना?"

"हो."

"मॅडम गेल्या का हो?"

"गेल्या."

"कधी?"

"पहाटेच. आम्ही उठायच्या आत."

"अरेरे. कशाने?"

"बसने. दुसरं काय आहे इथे?"

"आपण त्यांच्या कोण?"

"भावजय."

"तुम्हाला फार जड गेलं असेल."

"जड कसलं? उलट आज घर मोकळं वाटतंय," असं म्हणून मी फोन आपटला. मॅडम भेटल्या नाहीत की त्यांचे विद्यार्थी असेच हळहळतात, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दारातून पेपर घेऊन आले आणि बोळातच भिंतीला धरून उभे राहिले. मी पेपर हातातून ओढून घेतला. वन्संचा जुना फोटो होता, नोकरीच्या ओळखपत्रावरचा. 'बस अपघातात निधन'. खाली लिहिलं होतं, "'आमच्या मॅडम आम्हाला पोरके करून गेल्या,' असे त्यांच्या भावजयीने साश्रू नयनांनी सांगितले."

हे पायात चप्पल न घालता एस. टी. स्टँडकडे धावत सुटले. मी एकटीच राहिले आणि त्या खोलीच्या दारात गेले. पहिला विचार खिडकीचा आला. हे खोटं सांगून मला काही मिळणार नाही. मशीन कुठे ठेवायची ते माझ्या डोळ्यांसमोर आलं, कात्रीच्या खिळ्यासकट. आणि मग मी त्यांच्याच खुर्चीत बसले. टेबलावर लाल पेन उघडंच पडलं होतं, मी त्याला टोपण लावलं. मला त्या जायला हव्या होत्या. अशा नव्हे.

रडायला वेळच मिळाला नाही, कारण माणसं येऊ लागली. ज्या भाषेच्या प्राध्यापकाने जिन्यात अडवून टोमणे मारले होते तो पहिला. "विद्यापीठाचं भूषण हो," म्हणाला. शेजारीण माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती रडलीस गं, छापून आलंय पेपरात." मी म्हटलं, "मी नाही रडले." ती म्हणाली, "असू दे, असू दे."

तेवढ्यात दारात आवाज आला, "या चपला कोणाच्या? आज तास नाही."

वन्सं खांद्याला पिशवी लावून उभ्या होत्या. वाटेत यांची आणि त्यांची चुकामूक झाली होती. शेजारीण किंचाळून माझ्या अंगावर पडली. प्राध्यापक उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या, या, बसा." वन्संनी त्याच्या हातातला पेपर घेतला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

पुढे जे व्हायचं ते झालं. शहर दोन दिवस हसलं आणि संपादक चवताळले. चूक कबूल करतील तर ते संपादक कसले. त्यांनी उलटा डाव टाकला. विभागाने मुद्दाम खोटी बातमी फलकावर लावली, घरच्या माणसांनी फोनवर दुजोरा दिला आणि एका नामांकित दैनिकाची बदनामी घडवून आणली, असा अर्ज त्यांनी समितीपुढे दिला. लेख लिहिणाऱ्या मुलीला काढून टाका आणि हा पोरखेळ बंद करा. कोपरा आमच्या घरी आली आणि दारातच बसून राहिली. तिच्या घरचे म्हणत होते, परत ये, आम्ही आधीच सांगत होतो.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी संपादक स्वतः आमच्याकडे आले. वन्सं घरात नाहीत हे बघूनच आले असणार. पांढरेशुभ्र कपडे, नखांत मात्र जुनी शाई. बोळात माझ्या मशीनपाशी उभे राहिले आणि वर ट्यूबलाइटकडे बघितलं.

"डोळे जातील हो तुमचे इथे," म्हणाले.

"जातील तेव्हा जातील."

"पुढची खोली छान आहे. मॅडम राजधानीत गेल्या की तुम्हालाच होईल, नाही का? त्यांचंही भलं, तुमचंही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या तुम्हाला बोलावतील. फार काही नाही. 'गेल्या' म्हणालात ना तुम्ही? मग तेवढंच सांगायचं. वारल्या या अर्थाने म्हणाले, गैरसमज झाला होता. संपलं."

"आणि ते रडण्याचं?"

"तेवढं जुळवून घ्या. वाचकाला लागतं ते."

मी त्यांना पाणी दिलं आणि बघते म्हटलं. ते गेल्यावर मी खरंच बघितलं, म्हणजे खोलीत जाऊन खिडकीकडे बघत उभी राहिले. हातातोंडाशी आलेला घास होता. मला फार खोटं बोलावंही लागणार नव्हतं. गेल्या म्हणायचं आणि बाकीच्याला मान डोलवायची, एवढंच. रात्री वन्संनी मला काहीच विचारलं नाही. मला वाटलं होतं विनवतील. मी त्याची वाटही बघत होते, कधी नव्हे ते त्यांनी माझ्यापाशी काही मागितलं असतं. त्या भाजी वाढून घेत एवढंच म्हणाल्या, "वहिनी, उद्या दहाची बस धरू." मला त्याचाही राग आला.

विद्यापीठाची सभेची खोली लांबलचक होती. टेबलावर हिरवं कापड, आणि ते मध्येच उसवलेलं. माझी नजर सारखी तिथे जात होती. कुलसचिव मधोमध, संपादक त्यांच्या उजव्या हाताला. तो तरुण बातमीदार भिंतीशी खुर्चीवर, कोपरा दुसऱ्या भिंतीशी, आणि वन्सं माझ्या शेजारी हात बांधून.

संपादक उठले. "आम्ही आमचं कर्तव्य केलं. घरी फोन करून खात्री केली. घरातल्या बाईने काय सांगितलं ते छापलं. आता घरातल्या बायका, त्यांना शब्दाचं भान कुठून असणार, पण दुजोरा तो दुजोराच." आणि मग त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. 'साश्रू नयनांनी' वाचताना त्यांचा स्वतःचाच आवाज भरून आला.

माझं डोकं सणकलं. तोवर मी काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, खरंच नव्हतं. खिडकी अजून डोळ्यांपुढे होती. पण या माणसाने दुसऱ्यांदा, चारचौघांत, वन्संच्या तोंडावर, मला वन्संसाठी रडवलं. इतकी वर्षं मी त्या घरात कशी काढली ते मला माहीत. त्यात डोळ्यांतून एक थेंब काढला नाही, आणि तो या माणसाने माझ्या नावावर फुकट छापून टाकला.

"हे मी म्हणालेच नाही," मी उठून म्हणाले.

"बसा, बाई," संपादक म्हणाले.

"बसणार नाही. मला विचारायला बोलावलंय ना? मग विचारा, काय म्हणाले ते."

कुलसचिवांनी मान हलवली. मी सगळा फोन सांगितला. त्याने काय विचारलं, मी काय म्हणाले, जसंच्या तसं. गेल्या का. गेल्या. कधी. पहाटेच. 'कशाने' पाशी आले आणि 'बसने' म्हणाले तेव्हा कुलसचिवांनी तोंडावर रुमाल धरला. वन्सं हसल्या नाहीत.

"म्हणजे वारल्या का, असं त्यांनी विचारलंच नाही?" कुलसचिवांनी विचारलं.

"नाही. वारल्या हा शब्द फोनवर आलाच नाही. अपघातही नाही आला."

"मग शेवटी काय बोलणं झालं?"

इथे मी अडकले. शेवटचं वाक्य मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. वन्सं माझ्या हातभर अंतरावर होत्या. ते सांगायचं तर त्यांच्या तोंडावर सांगावं लागणार, आणि गाळायचं तर मग मी आणि संपादक, दोघांत फरक काय राहिला?

"तो म्हणाला, तुम्हाला फार जड गेलं असेल," मी म्हणाले. "मी म्हणाले, जड कसलं? उलट आज घर मोकळं वाटतंय."

मी टेबलावरच्या उसवलेल्या शिवणीकडे बघत होते.

"असं तुम्ही म्हणालात?"

"जसंच्या तसं."

"काहीही," संपादक म्हणाले. "असं कोणी..."

"म्हणाल्या," भिंतीकडून आवाज आला. तो बातमीदार उभा राहिला होता आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "असंच म्हणाल्या त्या. मी तसंच लिहून दिलं होतं. साहेब म्हणाले, मयताच्या घरचं असं छापतात का, आणि त्यांनी ते बदललं."

तेव्हा वन्सं पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढवला नाही, त्या खोलीत तशी गरजही नव्हती. "ते वाक्य ठेवलं असतं तर बातमी तिथेच थांबली असती. कोणालाही वाचून शंका आली असती, की माणूस मेल्यावर असं का म्हणेल? पुन्हा फोन गेला असता. या पोराने ऐकलं बरोबर, लिहिलं बरोबर. तुम्ही बदललंत. आम्ही वर्गात शिकवतो ते एवढंच आहे, की हे बदलायचं नाही."

संपादकांनी कागद आवरले. मग म्हणाले, "मीच शिकवलं तुला." वन्सं म्हणाल्या, "हो. हे सोडून."

समितीने अभ्यासक्रम चालू ठेवला. कायम नाही केला, विद्यापीठ तेवढ्या उदार मनाचं नाही, पण चालू ठेवला. कोपरा राहिली. दैनिकाने आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, बोटभर दिलगिरी छापली. त्यातही वन्संचं वय चुकवलं होतं. ते कात्रण लाल खुणांनी भरून विभागाच्या फलकावर गेलं.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी शेजारीच जागा मिळाली. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. तिथेही खिडकी त्यांच्याकडेच.

"मोकळं वाटत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी जावं असं तुम्हाला वाटतं."

"राजधानीत. हो."

"मग आज का सांगितलंत?"

"रडले असं का छापलं त्यांनी?"

त्यांनी मान डोलावली, जणू हे कारण पुरेसं होतं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पेपर वाचलात त्या सकाळी पहिलं काय आलं मनात?"

"खिडकी."

"आणि नंतर?"

"ते सांगणार नाही."

"ठीक आहे," वन्सं म्हणाल्या. "सांगण्यास नकार दिला, असं लिहीन मी." आणि हसल्या. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर पहिल्यांदा हसल्या, म्हणजे स्वतःच्याच विनोदावर.

तेव्हा खोली गेली ती गेलीच, आणि माझ्याच तोंडाने गेली. गठ्ठे आता खांद्यापर्यंत आलेत. मशीन बोळातच आहे, निळा की काळा हे मी अजून उन्हात जाऊन बघते. वर्तमानपत्रं हळूहळू त्यांच्या विद्यार्थ्यांना दारात उभं करू लागली आहेत, त्या बातमीदाराने तर नोकरी सोडून दुसऱ्याच वर्षी वन्संच्या विभागात प्रवेश घेतला. दर वर्षी नव्या वर्गाचा पहिला तास आमच्या घरी होतो. दोघं जण तो फोन करून दाखवतात. एक बातमीदार होतो, एक मी. मी कधीच जमत नाही कोणाला, सगळे मला फार खाष्ट करतात. मी बोळातून ओरडते, "अगं, फोन आपटला तो शेवटी, आधी नाही."

एक मात्र झालं. आता फोन वाजला आणि कोणी विचारलं, मॅडम आहेत का, की मी गेल्या म्हणत नाही. जीभ वळतच नाही. कात्री खाली ठेवते आणि सांगते, "आहेत. घरात नाहीत, पण आहेत."